मोहवनातला ताम्रपट

वेणुमती नदीच्या काठी कुमुदवती नावाचे नगर होते. पूर्वी कधी तरी, त्या नगरात पद्मकेतु राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने एका तेल्याच्या घरी जन्म घेतला होता. आईबापांनी त्याचे नाव भद्रसार ठेवले. घाण्याची संथ करकर ऐकत तो पाळण्यात झोपला, घाण्याच्या बैलामागे पावले टाकत चालायला शिकला, आणि वयाची तिशी ओलांडली तेव्हा नगरातल्या सगळ्या तेल्यांच्या श्रेणीचा, म्हणजे त्यांच्या संघाचा, प्रमुख झाला. विणकरांची श्रेणी होती, सुतारांची होती, पण तेल्यांच्या श्रेणीची बरोबरी कोणालाही करता येत नव्हती. तेलाने भरलेले तिचे कातडी बुधले सात राज्यांच्या बाजारांत उतरत. आणि खुद्द कुमुदवतीत तर सांज झाली की घाटाच्या प्रत्येक पायरीवर, प्रत्येक खिडकीत, प्रत्येक नावेच्या टोकावर दिवा लागे. दुरून येणाऱ्या नावाड्याला वाटे, पाण्याखाली दुसरे एक नगर आहे आणि तेच खरे.

भद्रसाराचा आवाज कधी चढत नसे. परक्या मुलखात सौदा अडला, माणसे तावातावाने बोलू लागली, की तो थोडा वेळ गप्प बसे, पाणी मागे, समोरच्याच्या घरची विचारपूस करी. मग जे ठरायचे ते ठरून जाई. लोक म्हणत, याच्या जिभेलाच तेल लावलेले आहे. ते कौतुकाने म्हणत, पण ते ऐकताना भद्रसार हसत नसे.

तो पन्नाशीला आला तेव्हा राजाचा म्हातारा दूत वारला. त्याच्या जागी कोणाला नेमावे, असे राजाने मंत्र्यांना विचारले. त्यांनी मोठमोठ्या घराण्यांतली नावे सांगितली. राजाने सगळी ऐकून घेतली आणि म्हणाला, "हे सगळे माझ्याशी गोड बोलतात. जे माझे नाहीत, त्यांच्याशी नीट बोलणारा कोण आहे?"  तेव्हा दाराशी उभा असलेला द्वारपाल, ज्याला कोणी काही विचारले नव्हते, हळूच म्हणाला, "तेल्यांचा भद्रसार."

अशा रीतीने बोधिसत्त्व राजाच्या सेवेत आला. काही दरबारी नाके मुरडू लागले. काल घाण्यावर बसणारा आज सिंहासनाशेजारी बसणार, गालिचे आता जपावे लागतील, असे आपसात बोलू लागले. तेल्यांच्या वस्तीत मात्र तीन दिवस सण झाला. राजाचा कान आता आपल्या घरात आला, असे त्यांना वाटले. पण भद्रसाराने श्रेणीची मुद्रा आपल्या भाच्याच्या, रोहणाच्या, हाती दिली, आपले घाणे भावांना वाटून टाकले आणि सगळ्यांसमोर सांगितले की आजपासून तेलाविषयी मला कोणी काही सांगू नये आणि मीही कोणाला सांगणार नाही. भावांनी माना डोलावल्या. असे बोलायची रीत असते, म्हणून तो बोलला, अशी त्यांची समजूत झाली.

राजाने त्याला दूताचे वस्त्र दिले आणि एकच गोष्ट बजावली. "दूताचे तोंड त्याचे स्वतःचे नसते. तू बोलशील ते मी बोललो, असे धरले जाईल. हे कधी विसरू नकोस."

"विसरणार नाही, महाराज," भद्रसार म्हणाला.

पहिली दोन वर्षे बरी गेली. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या राजाशी एका उतारघाटावरून जुने भांडण होते, ते त्याने मिटवले. पूर्वेच्या एका किल्ल्यात अडकलेले कैदी त्याने सोडवून आणले. तिसऱ्या वर्षी चैत्रात मोहवनाची खिंड बंद झाल्याची बातमी आली.

कुमुदवतीपासून नावेने दोन दिवस वर गेले आणि मग एक दिवस पायी डोंगर चढले की मोहवन लागे. सगळा डोंगर मोहाच्या झाडांनी भरलेला. तिथे राहणारे लोक लिहीत नसत, नगरात येत नसत, आणि त्या वनालाच आपली आई म्हणत. कुमुदवतीचे निम्म्याहून अधिक तेल या मोहाच्या बियांचे होते. वीस वर्षांपूर्वी श्रेणीने त्या लोकांशी करार केला होता. मीठ, कापड आणि लोखंड वर जाई आणि बिया खाली येत. यंदा श्रेणीची माणसे खिंडीपाशी गेली तेव्हा वाटेत आडवे ओंडके टाकलेले होते आणि ओंडक्यांमागे धनुष्ये घेतलेली माणसे उभी होती. त्यांनी बाण मारला नाही. एवढेच सांगितले की यंदा काही मिळणार नाही.

रोहण कराराचा ताम्रपट घेऊन दरबारात आला. राजाने तो वाचला. पटावर लिहिले होते की खिंडीतला झरा वाहतो आहे तोवर मोहवनातले सर्व बी कुमुदवतीच्या तेल्यांचे. शब्द स्पष्ट होते, अक्षर सुबक होते, खाली मोहवनाच्या मुख्याने उमटवलेला अंगठा होता. करार मोडला गेला आहे, यात कोणाला शंका उरली नाही. सेनापतीचे तर हत्ती केव्हा सजवायचे एवढेच विचारायचे बाकी राहिले होते.

राजा म्हणाला, "सेना डोंगराच्या पायथ्याशी जाऊन थांबेल. मीही तिथे असेन. पण आधी दूत जाईल. भद्रसारा, हा करार तूच केला होतास. वाट तुझ्या पायाखालची आहे, माणसे ओळखीची आहेत. त्यांना पट दाखव आणि वाट मोकळी करायला सांग. पौर्णिमेपर्यंत ती मोकळी झाली नाही, तर सेना वर चढेल."

भद्रसाराने पट दोन्ही हातांनी घेतला. तो काही बोलला नाही, हे राजाच्या ध्यानात आले. पण तो मुळातच कमी बोलणारा, म्हणून राजाने ते मनावर घेतले नाही.

नावेत भद्रसार होता, श्रेणीचा प्रमुख म्हणून रोहण होता आणि चार वल्हेकरी होते. चैत्रातली नदी उतरलेली, निवळशंख. वल्ही पाण्यात पडत, उठत, पुन्हा पडत. दोन्ही काठांवरची झाडे मागे सरकत होती की नाव पुढे सरकत होती, ते दुपारच्या उन्हात कळेनासे होई. दूर वर, डोंगराकडून, वाऱ्याबरोबर मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येऊ लागला. त्या वासाने वल्हेकऱ्यांचे डोळे मिटू मिटू झाले. भद्रसाराचेही मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे वीस वर्षांपूर्वीचा तो दिवस आला.

तेव्हा तो श्रेणीचा एक तरणा, हुशार कारभारी होता. श्रेणीच्या वडीलधाऱ्यांनी ताम्रपट आधीच कोरून त्याच्या हाती दिला होता. मोहवनाच्या म्हाताऱ्या मुख्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच अट घातली. बी पडते त्यातले आधी मातीचे मातीला, मग पाखरांचे पाखरांना, मग आमचे आम्हाला. उरेल ते तुमचे. हे पटावर असू दे, म्हणाला. भद्रसाराच्या मांडीवर पट होता. त्यावर हे शब्द नव्हते. नवा पट कोरायचा तर पुन्हा नगरात जावे लागले असते, आणि तोवर पावसाळा लागला असता. वडीलधाऱ्यांपुढे रिकाम्या हाताने उभे राहावे लागले असते. भद्रसाराने पट उचलला आणि वाचला. मातीचे मातीला, पाखरांचे पाखरांना, तुमचे तुम्हाला, उरेल ते श्रेणीचे. पटावर जे नव्हते ते त्याने वाचले. म्हाताऱ्याने समाधानाने मान हलवली आणि अंगठा उमटवला.

परत आल्यावर वडीलधाऱ्यांना सांगून ते शब्द घालून घ्यायचे, असे त्याने वाटेत मनाशी ठरवले होते. त्याने सांगितलेही. ते हसले, त्याची पाठ थोपटली आणि पुढच्याच वर्षी त्याला प्रमुख केले. तो गप्प राहिला. मग गप्प राहण्याची सवय झाली. अधूनमधून, जेवणानंतर डुलकी लागली की त्याला पटावरची अक्षरे मुंग्यांसारखी चालत पट सोडून निघालेली दिसत. तो दचकून जागा होई आणि कामाला लागे.

तिसऱ्या दिवशी ते डोंगर चढू लागले. ओंडक्यांपाशी माणसांनी त्यांना ओळखले आणि आत घेतले. मोहाची पाने झडलेली होती आणि नुसती फुले टपटप गळत होती. पायाखाली फिकट फुलांचा थर होता. हरणे माणसांना न भिता फुले खात होती. कुठे तरी एक अस्वल फुले खाऊन सुस्त झोपले होते आणि वाटाडे त्याला वळसा घालून गेले. सगळे किती सुंदर होते. तरीही भद्रसाराला चालता चालता वाटत राहिले की या वनात काही तरी चुकते आहे. माणूस ओळखीच्या घरात शिरावा आणि तिथली कुठली तरी वस्तू नाहीशी झालेली असावी, पण कोणती ते आठवू नये, तसे त्याला वाटत होते. त्याने वर पाहिले, आजूबाजूला पाहिले. झाडे होती तशीच होती, फक्त अधिक थोराड.

वस्तीवर आता म्हाताऱ्या मुख्याची मुलगी तिरमा मुख्य होती. करार झाला तेव्हा ती वीस-बावीस वर्षांची असेल. बापाच्या मागे उभी राहून सगळे ऐकत होती. आता तिचे केस पांढरे होऊ लागले होते. तिने पाहुण्यांना पाणी दिले, भाजलेली मोहफुले दिली, आणि म्हणाली की बोलणे उद्या सकाळी सगळ्यांच्या देखत होईल. आज पाहुण्याने वनात फिरून यावे.

"वन मी पाहिलेले आहे," भद्रसार म्हणाला.

"वीस वर्षांपूर्वी पाहिलंस," तिरमा म्हणाली. "आता पाहा."

उन्हे कलताना तो एकटाच फिरला. मावळतीचे किरण झाडांच्या बुंध्यांमधून आडवे येत होते आणि दूरवर, अगदी उताराच्या टोकापर्यंत, सगळे स्वच्छ दिसत होते. इतके लांबचे कसे दिसते आहे, याचे त्याला नवल वाटले. तो थांबला. आणि मग त्याला समजले. वनात लहान झाड नव्हते. गुडघ्याएवढे रोप नव्हते, कमरेएवढे झाड नव्हते, बोटभर अंकुरसुद्धा नव्हता. थोराड बुंध्यांच्या मधली जमीन पुसून काढावी तशी मोकळी होती. एकेका वर्षी वेचून वेचून श्रेणीच्या माणसांनी वनाची वीस वर्षे नेली होती. ही झाडे म्हातारी होऊन पडली की त्यांच्यामागे कोणी नव्हते.

तो बराच वेळ एका बुंध्याला टेकून बसला. फुले त्याच्या खांद्यावर पडत होती. परत आला तेव्हा तिरमा वस्तीच्या तोंडाशी उभी होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. इतकेच म्हणाली, "आमच्या पोरांनी मोहाचं रोप कसं असतं, ते पाहिलेलंच नाही."

सकाळी सभा भरण्यापूर्वी भद्रसार रोहणाला घेऊन खिंडीतल्या झऱ्यापाशी गेला. रोहण त्याच्या बहिणीचा मुलगा. बहीण लवकर वारली, म्हणून भद्रसारानेच त्याला वाढवले, अक्षरे शिकवली, सौदा कसा करायचा ते शिकवले. झऱ्याच्या काठी बसून त्याने वीस वर्षांपूर्वीची गोष्ट भाच्याला सांगितली. आजवर ती त्याने कोणालाच सांगितली नव्हती.

रोहण ऐकताना पाण्याकडे पाहत होता. मग म्हणाला, "मामा, पटावर जे आहे ते आहे. तुम्ही काय वाचलंत ते कशावर लिहिलेलं आहे?"

"कशावरच नाही."

"मग ते उकरून कशाला काढायचं? तुम्ही प्रमुख होतात, आता मी आहे. चारशे घरांच्या चुली या बियांवर आहेत. आणि तुम्ही आज राजाचे दूत आहात. तुम्ही कबूल केलंत तर राजाने कबूल केल्यासारखं होईल. महाराज तुम्हाला सोडतील का?"

"मी रात्रभर तोच विचार केला," भद्रसार म्हणाला. "मी नुसता तेली असतो, तर खोटं माझ्या एकट्याचं राहिलं असतं. आता माझं तोंड राजाचं आहे. त्यातून मी पुन्हा खोटं बोललो तर मी राजाला खोटा करीन. आणि त्याला कळणारही नाही की तो खोटा झाला आहे."

रोहण उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मामा दरबारात जाऊन बदलले, आपल्या माणसांना विसरले, असे काहीसे तो पुटपुटला. पण सभेला तो आला आणि एका झाडाला पाठ लावून उभा राहिला.

सगळी वस्ती फुलांनी भरलेल्या त्या जमिनीवर बसली होती. भद्रसाराने ताम्रपट पुढे ठेवला आणि राजाचा निरोप सांगितला. सेना पायथ्याशी आहे, पौर्णिमेला तीन दिवस उरले आहेत, हेही सांगितले. तिरमाने ते शांतपणे ऐकले.

"आम्ही लिहीत नाही," ती म्हणाली, "म्हणून आम्हाला लक्षात ठेवावं लागतं." आणि तिने डोळे मिटून वीस वर्षांपूर्वी त्याने जे वाचले होते ते म्हणून दाखवले. मातीचे मातीला, पाखरांचे पाखरांना, तुमचे तुम्हाला, उरेल ते श्रेणीचे. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तेव्हाच्या त्याच्या आवाजातला हलकासा चढउतारसुद्धा तिच्या आवाजात उतरला होता. भद्रसाराला वाटले, आपणच तरुण होऊन समोर बसलो आहोत आणि आपल्याच तोंडून ऐकतो आहोत.

तिने डोळे उघडले. "आम्ही तसंच वागलो. तुझी माणसं तसं वागली नाहीत. पहिल्या वर्षी बापाने विचारलं, तर ती माणसं म्हणाली, पटावर सगळं आमचं आहे. बाप म्हणाला, यांना वाचता येत नसेल, ज्याने वाचलं तो पुन्हा येईल आणि यांना समजावील. गेल्या वर्षी मरेपर्यंत तो तुझी वाट पाहत होता. आता आलास, तर वाच."

भद्रसाराने पट उचलला. जमलेल्यांत अक्षर वाचू शकणारी दोनच माणसे होती, एक तो आणि दुसरा रोहण. कुठे तरी एक फूल पडल्याचा आवाज आला.

त्याने वाचले. खिंडीतला झरा वाहतो आहे तोवर मोहवनातले सर्व बी कुमुदवतीच्या तेल्यांचे. मग पट खाली ठेवला.

"एवढंच लिहिलेलं आहे. त्या दिवशीही एवढंच होतं. तुझ्या बापाने जे शब्द सांगितले ते यावर नव्हते. ते असल्यासारखे मी वाचले. मला रिकाम्या हाताने परत जायचं नव्हतं, म्हणून."

 पहिल्या ओळीतला एक माणूस उठला आणि त्याने धनुष्याला बाण लावला. तिरमाने त्याला थांबवले नाही. ती फक्त भद्रसाराकडे पाहत राहिली. भद्रसार जागचा हलला नाही. आपल्याला भीती वाटायला हवी, असे त्याच्या मनात आले, पण वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या छातीत काही हलके झाले होते आणि तिथे दुसऱ्या कशाला जागा नव्हती. थोड्या वेळाने त्या माणसाने आपणहून बाण काढला आणि खाली बसला.

तिरमा म्हणाली, "हे कोण बोललं? तू, की तुझा राजा?"

"वीस वर्षांपूर्वी खोटं बोलला तो मी," भद्रसार म्हणाला. "आज खरं बोलतो आहे तो माझा राजा."

त्याने मान वळवली तेव्हा झाडापाशी रोहण नव्हता.

दुसऱ्या दिवशी भद्रसार पायथ्याशी उतरला. रोहण एक दिवस आधीच पोचला होता आणि त्याने सगळे सांगून टाकले होते. छावणीत हत्तींना अंघोळ घालणारी माणसे हात थांबवून भद्रसाराकडे पाहत राहिली. तंबूत राजा बसला होता, शेजारी सेनापती होता, एका बाजूला रोहण मान खाली घालून उभा होता.

"मी त्या लोकांना काय म्हणालो?" राजाने विचारले. त्याचा आवाज थंड होता.

भद्रसाराने सांगितले. काही गाळले नाही, आपल्या बाजूचे काही जोडले नाही.

"सर्व राज्यांत ही गोष्ट जाईल. पद्मकेतूने आपल्याच तेल्यांच्या ताम्रपटाला खोटे म्हटले. तुला जीव प्रिय नाही का?"

"आहे, महाराज. पण आपण मला आपले तोंड म्हणालात. मला माझी जीभ वापरायची असती, तर काल वाट मोकळी करून घेणे अवघड नव्हते. त्या लोकांना मी एकदा फसवले आहे. पुन्हा फसवता आले असते. आपल्या जिभेने तसे करायला मला धीर झाला नाही." आणि मग त्याने वनाविषयी सांगितले, तिथे लहान झाड नाही, वीस वर्षांत एक रोप उगवलेले नाही, सेनेने वन घेतले तरी आणखी काही वर्षांनी घ्यायला काही उरणार नाही.

सेनापती म्हणाला की डोंगरातल्या लोकांनी भद्रसाराला भुलवले आहे. मोहाच्या वासाने माणसाला नाही नाही ते दिसते.

 राजा रोहणाकडे वळला. "तू श्रेणीचा प्रमुख आहेस. तूही त्या वनात जाऊन आलास. सांग, तुला तिथे एखादे लहान झाड दिसले का?"

एवढेच विचारले होते. रोहणाने मामाकडे पाहिले. मामाच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, राग नव्हता, काहीच मागणे नव्हते. चारशे घरांचे लोक घाटावर त्याची वाट पाहत होते. एक शब्द पुरेसा होता, आणि तो खोटा आहे हे सिद्ध करायला राजा स्वतः डोंगर चढून जाईल, असे त्याला वाटत नव्हते. बाहेर एक हत्ती पाण्यात सोंड आपटत होता.  राजाने घाई केली नाही.

"नाही, महाराज," शेवटी रोहण म्हणाला. "एकही दिसलं नाही. खाली येताना मी सगळी वाट शोधत आलो."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी राजा डोंगर चढला. त्याने छत्र घेतले नाही, सेना घेतली नाही. भद्रसार आणि रोहण एवढेच बरोबर होते. पौर्णिमेच्या सकाळी तो वनात गेला आणि दुपारपर्यंत फिरत राहिला.  मधेच वाकून पाने बाजूला सारी, जमीन पाही, पुन्हा पुढे जाई. वस्तीतली माणसे दुरून पाहत होती, आणि धुके विरलेल्या त्या वनात, गळणाऱ्या फुलांमधून, हरवलेले काही शोधत फिरणारा तो माणूस राजा आहे, हे त्यांच्यातल्या लहान मुलांना कोणी सांगितले तरी पटत नव्हते.

मग तो तिरमापुढे येऊन बसला. "भद्रसार माझ्या वतीने जे बोलला ते मी बोललो," तो म्हणाला.

नवा करार लिहिला गेला नाही. राजाने तो तोंडाने सांगितला आणि मोहवनाच्या लोकांनी लक्षात ठेवला. सात वर्षे बी वनाबाहेर जाणार नाही. सात वर्षांनी मातीचे, पाखरांचे आणि लोकांचे भागून उरेल ते खाली येईल. मीठ, कापड आणि लोखंड मात्र सातही वर्षे वर जात राहील. जुना पट राजाने तिरमाला देऊन टाकला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि धान्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवला. तो अगदी नेमका बसला.

कुमुदवतीत हे सुखासुखी पचले नाही. निम्मे घाणे थांबले. काही तेल्यांनी तीळ आणि करडई पेरायला जमिनी धरल्या, काही दुसऱ्या गावी गेले. भद्रसाराच्या भावांनी त्याला लग्नकार्याला बोलावणे सोडले. ज्या आळीत तो जन्मला तिथून तो जाऊ लागला की दारे लोटून घेतली जात. रोहणालाही श्रेणीने प्रमुखपदावरून काढले. पण तो मामाच्या घरी येऊन राहिला आणि दोघे एका ताटात जेवू लागले. या सगळ्याबद्दल भद्रसाराने कधी कोणाला दोष दिला नाही. थांबलेल्या घाण्यांना जबाबदार आपण आहोत, आणि ते वीस वर्षांपूर्वीच आहोत, हे तो जाणून होता.

राजाने त्याला दूतपदावरून काढले नाही. तो पुढे बरीच वर्षे देशोदेशी जात राहिला. सीमेवरच्या एका राज्यात अशी रीत होती की परक्या दूताचे म्हणणे ऐकायचे, पण त्याने दिलेला शब्द पाळला जाईपर्यंत त्याच्या सोबत्यांतले दोघे जण ओलीस ठेवून घ्यायचे. भद्रसार तिथे पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने रीतीप्रमाणे दोन सोबती पुढे केले. त्यांतला एक रोहण होता. तिथल्या राजाने दूताचे नाव विचारले. मग तो आपल्या अधिकाऱ्यांना म्हणाला, "यांना सगळ्यांनाच जेवायला बसवा. ओलीस नको. हा तोच माणूस आहे."

भिक्षूंच्या सभेत शास्त्यांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, ही कथा सांगितली. मग त्यांनी जन्मांचा मेळ घालून दिला. "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा पद्मकेतु म्हणजे आजचा भिक्षू आनंद. मोहवनाची तिरमा म्हणजे भिक्षुणी क्षेमा. धनुष्याला बाण लावून तो आपणहून काढणारा माणूस म्हणजे आज आपल्या भिक्षापात्रात अन्न वाढणारा या गावचा पारधी. आणि रोहण आज या सभेत अगदी मागे बसला आहे. तीन दिवस त्याच्या ओठांवर एक गोष्ट अडली आहे आणि ती सांगायला त्याला धीर होत नाही. एकदा त्याने याहून अवघड गोष्ट राजापुढे सांगितली होती. भद्रसार तो मीच होतो."

मागे बसलेला तो भिक्षू उठला आणि ती गोष्ट सांगू लागला.

या जन्मात बोधिसत्त्वाने सत्यपारमिता, म्हणजे सत्य पाळण्याची साधना, पूर्णत्वाकडे नेली.